ब्रांचचा महिना

जूनमध्ये वारा फिरला की उरल्याच्या कारखान्यांचा काळा डस्ट रायपूरजवळच्या आमच्या बीरगावच्या छतांवर येऊन बसतो. उन्हाळ्याच्या शेवटच्या कुरड्या वाळत घातल्या तर वरून जुनी पातळ साडी पांघरावी लागते, आणि संध्याकाळी ती झटकताना हात काळे होतात. याच दिवसांत आमच्या पाऱ्यातली, म्हणजे मोहल्ल्यातली, बारावी झालेली पोरं दारोदार फिरू लागतात. इंजिनिअरिंगची कोणती ब्रांच घ्यायची, हा एकच प्रश्न. पावसाची वाट पाहावी तशी घराघरात ब्रांचची वाट पाहतात. मी या दिवसांना मनातल्या मनात ब्रांचचा महिना म्हणते.

परवा शेजारच्या साहूंची कुसुम आली. मी छतावर होते, ती जिन्यातूनच म्हणाली, "आंटी, सुजा दीदी का नंबर दो ना. कॉम्प्युटर लूँ कि इलेक्ट्रिकल, पूछना है."

"दोन्ही एकत्र पण मिळते," मी म्हटलं. "एकाच ब्रांचमध्ये."

"आपको कैसे मालूम?"

मला कसं मालूम, हे सांगायला बसले असते तर कुरड्या तशाच राहिल्या असत्या. मी माझ्या लेकीचा नंबर दिला. कुसुम खाली गेली आणि मी कठड्यावरून पाहत राहिले. तिची आई ओट्यावर तांदूळ निवडत होती. कुसुमनं तिच्या गळ्यात मागून हात टाकले आणि विचारलं, "मम्मी, तू बोल ना, कौन सा?" तिची आई हसली. "मोला का पूछथस वो?" म्हणाली, मला काय विचारतेस, आणि परत सुपात डोकं घातलं.

ती बाई माझ्यासारखीच. तिलाही इंग्रजीचा गंध नाही. पण तिला तिच्या पोरीनं विचारलं, आणि तिनं ते सुपातल्या खड्यासारखं उचलून फेकून दिलं. आमच्या घरी ब्रांचचा महिना आला होता तेव्हा सुजानं सगळ्यांना विचारलं होतं. तिच्या बाबांना, कोचिंगच्या सरांना, मॅडमना. फक्त मला नाही.

मॅडम म्हणजे समता कॉलोनीतल्या माझ्या मॅडम. मी त्यांच्याकडे स्वयंपाक करते, तेव्हाही करत होते. मूळ रायपूरच्याच, भोसल्यांच्या काळापासून आलेलं घराणं. नवरा कोरब्याला नोकरीवर, शनिवारी येणार आणि सोमवारी जाणार. मूलबाळ नाही. त्यांची नोकरी नव्या रायपुरात, विजेच्या ऑफिसात. मी समजत होते, त्या बिलं बनवत असतील. एकदा म्हणाल्या, "नाही हो कुंदाबाई, बिलं नाही. वीज कुठून निघाली, कुठे जास्त झाली, कुठे कमी पडली, ते सगळं कॉम्प्युटर बघतो. त्या कॉम्प्युटरला काय बघायचं ते आम्ही शिकवतो." मी पोळी उलटवत "हो का" म्हटलं. बाई माणूस एवढ्या मोठ्या विजेला शिकवते, आणि घरी येऊन मला विचारते, आज भाजीत मीठ कमी होतं का.

सुजाला त्यांच्या घरी मीच नेलं. बारावीचा निकाल लागला होता, मोठ्या परीक्षेतही चांगला नंबर आला होता. आमच्याकडे लॅपटॉप नव्हता आणि बीरगावात लाइट सारखी जात होती. मॅडम स्वतः म्हणाल्या, तिला सकाळी तुमच्यासोबतच आणत जा, माझ्या लॅपटॉपवर बसेल, मी ऑफिसला निघेपर्यंत दोन गोष्टी सांगेन. मला आनंद झाला. ऑटोत सुजा माझ्याशेजारी बसली होती, मांडीवर पिशवी, केसांना तेल, आणि मी सगळ्या सवाऱ्यांकडे अशी पाहत होते जशी काही मीच परीक्षा पास झाले.

मॅडमच्या स्वयंपाकघराला दार नाही, नुसती कमान आहे. तिथून जेवणाचं टेबल दिसतं. त्या टेबलावर मी रोज ताटं मांडते, पुसून काढते, काच चमकवते. तिथल्या खुर्चीवर मी कधी बसले नाही. कोणी बसू नको म्हटलं नव्हतं. बसायचं नसतं एवढं मला कळत होतं. सुजा आली आणि पहिल्याच दिवशी खुर्ची ओढून बसली. मॅडम तिच्या बाजूला बसल्या. पडद्याचा उजेड दोघींच्या तोंडावर पडला. खसच्या ताटीचा थंड वास येत होता, कूलरचा आवाज होता, आणि त्या आवाजात दोघी बोलत होत्या ते मला अर्धं कळत होतं आणि अर्धं नाही.

"बघ, नुसती वायर कळते ती माणसं कॉम्प्युटरला भितात," मॅडम सांगत होत्या. "आणि नुसता कॉम्प्युटर कळतो ते वायरला हात लावत नाहीत. मधे कोणी उभं राहायला नको का?"

"मग मधे राहून काय बनते, मॅम?"

"काय नाही बनत ते विचार. बॅटरीवर चालणारी गाडी घे. मोटर विजेची, पण किती जोरात फिरायचं ते ठरवतो प्रोग्राम. मोबाइलमधली चिप घे, नखाएवढी. दवाखान्यातलं मशीन घे. उन्हावर वीज बनवणारी शेतं घे. माझंच काम घे."

त्या बोलत होत्या आणि सुजाचे डोळे मोठे होत होते. मी तिच्या लहानपणापासून ते डोळे पाहिले आहेत. जत्रेतला पाळणा पाहताना ते असे व्हायचे. माझ्याकडे पाहून ते असे कधी झाले होते ते मला आठवेना.

मग मॅडमनी आवाज दिला, "कुंदाबाई, चहा टाका, दोघींना."

मी चहा टाकला. बशीचे कप काढले, पाहुण्यांचे. एक मॅडमपुढे ठेवला, एक सुजापुढे. सुजाची नजर पडद्यावर होती. हात पुढे करून तिनं कप घेतला आणि म्हणाली, "थँक्यू."

जसं कोणालाही म्हणतात. तिच्या ध्यानातही नव्हतं की चहा कोणी दिला. मी आत आले आणि कुकरच्या शिट्टीची वाट पाहत उभी राहिले.

त्यानंतर रोज असंच. घरी गेल्यावर सुजाच्या तोंडात एकच, मॅम असं म्हणतात, मॅम तसं म्हणतात. काही दिवसांनी मॅमची मावशी झाली. मी भांडी घासत होते. "तुयी मावशी कधी झाली ते?" मी म्हटलं. "मले तर बहीणच नाही."

तिचे बाबा हसून लोळले. ते उरल्याच्या रोलिंग मिलमध्ये क्रेन चालवतात. त्यांचं जग वर आहे, क्रेनच्या केबिनमध्ये, म्हणून खालच्या गोष्टी ते फार मनाला लावून घेत नाहीत. म्हणाले, "अवो, जळून राहिली काय तू?"

"मी काहून जळू?"

"सुजा, तुयी आई जळून राहिली पाय. वास येते."

सुजा हसली. तिच्या बाबांना तेव्हा वेगळंच सुचत होतं. त्यांच्या क्रेनला नवा पॅनेल बसवला होता, आणि तो चालू करायला पुण्याहून एक पोट्टी आली होती. ते रोज तेच सांगायचे. "हातात पाना नाही, पेचकस नाही. लॅपटॉप लावला, वायर जोडली, बटन दाबलं. आधी क्रेन झटका मारे, पोटातलं पाणी हाले. आता लोण्यावानी चालते. मी म्हटलं, बेटा, तुम्ही इलेक्ट्रिकलच्या की कॉम्प्युटरच्या? ते म्हणे, अंकल, बीच के." ते 'बीच के' असं म्हणायचे की जशी ती त्यांचीच पोरगी. मग बाप आणि लेक जेवता जेवता मोटर, ड्राइव्ह, सेन्सर असं बोलत बसायचे. त्यांना निदान क्रेन होती. माझ्या हातात भाजीची वाटी होती. मी मधेच विचारायची, "अजून वाढू?" आणि दोघं एकदम "नाही" म्हणायचे.

लाइट गेली की पाऱ्यातून सगळ्यांचा एकच आवाज येई, हाऽऽ. कूलर थांबे, घाम सुटे. आम्ही बाहेर ओट्यावर येऊन बसत असू. सुजा सांगे, लाइट का जाते, लोड म्हणजे काय, एकाच वेळी सगळ्यांनी कूलर लावले की काय होतं. शेजारपाजारचे ऐकत. कुसुमची आई साहूदीदी म्हणायची, "बढ़िया बताथस नोनी," छान सांगतेस पोरी. मी पंख्यानं वारा घालत असे, तिला आणि मला. अभिमान वाटायचा, खोटं का सांगू. पण त्याच्याखाली दुसरं काहीतरी होतं. मला वाटायचं, हे सगळं हिच्या डोक्यात कोणत्या दारानं गेलं? मी तर दारातच बसले होते, माझ्या अंगावरून गेलं आणि मला कळलं नाही.

मी चौथी शिकले. भंडाऱ्याकडे आमच्या गावात शाळा चौथीपर्यंतच होती. पाचवी नाल्यापलीकडच्या गावात. भाऊ गेला. मला कोणी नको जाऊ म्हटलं नाही, जा असंही म्हटलं नाही. नको म्हणण्यासाठी तरी कोणी बसून विचार करावा लागतो. चौथी झाली आणि पाचवी आलीच नाही, एवढंच झालं. मी फ्रॉक घालून ओसरीत बसले होते आणि आईनं हातात झाडू दिला. मला रडूही आलं नाही. त्या वयात वाटतं, असंच असतं. हे असंच नसतं, हे मला सुजाच्या त्या जूनमध्ये कळलं. तिच्यापुढे दोन वाटा होत्या आणि ती मॅडमच्या टेबलावर डोकं टेकून रडत होती की कोणती घेऊ. मी कमानीतून पाहत होते. दोन वाटांपायी कोणी रडू शकतं. माझ्या अंगातून जे गेलं ते प्रेम नव्हतं, मी आई असले तरी.

कॉलेजांची नावं हळूहळू दोनवर आली. एक इथलंच, नव्या रायपुरात. तिथे नुसतं कॉम्प्युटर. पाऱ्यातला प्रत्येक माणूस तेच म्हणत होता, डोळे मिटून कॉम्प्युटर घ्या. दुसरं दक्षिणेत, सरकारी, रेल्वेत एक रात्र काढून दुसऱ्या दिवशीही पोचायला संध्याकाळ होणार असं. तिथे वीज आणि कॉम्प्युटर एकत्र होतं, सुजाला पाहिजे होतं तसं. मी मनातल्या मनात नव्या रायपूरला हात जोडून होते.

तेव्हा मॅडमनी ती गोष्ट काढली. मी ओटा पुसत होते. त्या कमानीत येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "कुंदाबाई, सुजाला नव्या रायपूरचं कॉलेज मिळालं तर तिला माझ्याकडे राहू द्या. बीरगावहून तिथे जायचं म्हणजे दोन ऑटो आणि मग बसची वाट. बस असते तरी कुठे. मी रोज गाडीनं जातेच. माझ्यासोबत येईल-जाईल. वरची खोली रिकामीच आहे."

"आणि तिले ते वीजवालं पाहिजे होतं ना?" मी म्हटलं.

"विजेचं मी शिकवीन तिला. घरीच."

मी फडका पिळत राहिले. एवढे दिवस मॅडमच सांगत होत्या, दोन्ही शिकायला पाहिजे, मधे उभं राहायला पाहिजे. आता त्या म्हणत होत्या, नुसतं कॉम्प्युटर घे, उरलेलं मी देते. मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि मला ओळख पटली. आरशात दिसावं तसं. यांनाही ती पाहिजे होती.

सुजाचे बाबा म्हणाले, "सोन्यासारखी गोष्ट आहे. तू तर रोज जातेच तिथं. भेट होईन."

तीच तर गोष्ट होती. मी रोज जाणार. सकाळी बीरगावहून ऑटो पकडून समता कॉलोनीत जाणार, कणीक मळणार, माझ्या पोरीला त्या टेबलावर गरम पोळी वाढणार, तिचा डबा भरणार, आणि ती मॅडमच्या गाडीत बसून हात हलवणार. माझ्या हातचंच खाणार, पण दुसरीच्या घरी. मग मी रिकामी पिशवी घेऊन परत येणार. हे कोणाला सांगू? सांगायला गेले तर लोक म्हणतील, एवढं चांगलं होऊन राहिलं पोरीचं आणि ही बाई रडते. लाजेनं मी कोणाला काही बोलले नाही. पोळ्या मात्र त्या दिवसांत जाड होऊ लागल्या. मॅडमनी एकदा उचलून पाहिली आणि तशीच खाल्ली.

कॉलेजांचा क्रम भरायचा शेवटचा दिवस आला. पडद्यावर एकाखाली एक नावं ठेवायची, वरचं आधी पाहिजे असं, आणि मग लॉक करायचं. लॉक केलं की फिरवता येत नाही. मॅडमनी त्या दिवशी ऑफिसला उशिरा येईन असं कळवलं होतं. दोघी टेबलाशी. मी आत पोळ्या लाटत होते. बोलणं आधी हळू होतं, मग मॅडमचा आवाज थोडा वर गेला.

"तू त्याला वर का ठेवलंस?"

"मावशी, मले तेच करायचं आहे. तुम्हीच तर म्हणत होत्या."

"म्हणत होते. पण इतक्या लांब? तिथली भाषा, जेवण. आणि इथे मी असताना?"

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. सुजा कमानीतून आत आली आणि माझ्याजवळ उभी राहिली. तिला वाटलं होतं मी ऐकलं नाही. म्हणाली, "मम्मी, मी बाहेर चालली. हॉस्टेलला."

खरं सांगायचं तर पहिल्यांदा मला बरं वाटलं. मॅडमना ती मिळाली नाही, याचं बरं वाटलं. तव्यावरची पोळी फुगेपर्यंत ते टिकलं. मग कळलं की मलाही मिळाली नाही.

मॅडम मागून आल्या होत्या. त्या माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "कुंदाबाई, तुम्ही काही बोलत का नाही? तुमची मुलगी आहे."

"तिनं मले विचारलं कुठं," मी म्हटलं.

मी हे बोलेन असं मला स्वतःला माहीत नव्हतं. आवाज फार मोठा नव्हता. पण कूलर असूनही तो दोघींना ऐकू गेला.

सुजा म्हणाली, "तुले काय विचारू मम्मी? तुले यातलं..." आणि थांबली.

"यातलं समजत नाही," मी म्हटलं. "मी कुठं म्हणतो समजते. पण तू क्रेन चालवणाऱ्या बापाले विचारलं. कोचिंगवाल्याले विचारलं, तो तर तुयं नावही चुकीचं घेते. यायले विचारलं. मी इथंच उभी होतो. इथंच. चहा देत."

मॅडम खाली पाहू लागल्या. सुजाचं तोंड उतरलं. ती लहानपणी काही फोडलं की असंच करायची. मग म्हणाली, "लॉक नाही केलं अजून."

मी पुढची पोळी लाटायला घेतली होती.

"आता विचारते. मम्मी, जाऊ का?"

मॅडम माझ्याकडे पाहत होत्या. त्यांना काय पाहिजे होतं ते मला माहीत होतं. तेच मलाही पाहिजे होतं. मी नको म्हटलं असतं तर सुजा थांबली असती, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगू शकते. तिनं विचारायचं म्हणून विचारलं नव्हतं. एवढे दिवस मी ज्याच्यासाठी जळत होते ते माझ्या हातात होतं, कणकेसकट. तिला इथे ठेवता आलं असतं. वरच्या खोलीत का होईना, माझ्या पोळ्यांच्या वासात.

मी म्हटलं, "जा."

तिनं मला मिठी मारली, कणीक तिच्या कुर्त्याला लागली, आणि ती धावत टेबलाकडे गेली. मॅडमही गेल्या. मी आतच राहिले. त्या क्षणी मला मॅडमचा हेवा वाटत नव्हता. सुजाचा वाटत होता. तिनं विचारलं आणि तिला कोणीतरी जा म्हटलं. नाल्याच्या अलीकडे उभं राहून मी कोणाला विचारलं असतं, तर असं म्हणणारं कोणी होतं का? माझ्या आईला वाईट म्हणत नाही मी. तिलाही कोणी म्हटलं नव्हतं, ती कुठून आणणार तो शब्द? मग मी तरी कुठून आणला, याचं मला आजही नवल वाटतं.

सुजा आता बेंगलोरला आहे. बॅटरीच्या गाड्या बनवतात तिथे ती मोटरला शिकवते, म्हणजे तसं मी म्हणते. ती म्हणते, "मम्मी, शिकवत नाही, कंट्रोल लिहिते." मॅडमना ती कामाचे फोन करते, अर्धा अर्धा तास, इंग्रजीत. मॅडम फोन ठेवल्यावर अजूनही खुलून गेलेल्या असतात, आणि मी अजूनही भांडी जरा जोरात ठेवते. जळणं जात नाही माणसाचं. मॅडमचंही जात नसेल. सणावाराला सुजा आली की पहिले बीरगावला येते, तेव्हा त्या दोनदा फोन करून विचारतात, निघाली का तिथून.

मागच्या आठवड्यात सुजाचा मला फोन आला. दुसऱ्या कंपनीनं बोलावलं आहे, चिप बनवणाऱ्या. तिथेही बीचचंच काम, पण अजून बारीक. सगळं सांगून झाल्यावर म्हणाली, "मम्मी, घेऊ का?"

मला माहीत आहे, तिनं ठरवलेलं असतं. मॅडमशी बोलणं झालेलं असतं, बाबांनी हो म्हटलेलं असतं. तरी ती विचारते. त्या जूनपासून प्रत्येक वेळी विचारते. आणि मी लगेच उत्तर देत नाही. "थांब, पाहू दे," म्हणते. छतावर जाते. साडी झटकते. कुरड्या परतते. फोन कानाला असतो, तिकडून तिचा श्वास ऐकू येतो. एवढी मोठी इंजिनिअर, गप्प उभी असते कुठेतरी, माझ्या तोंडातून काय निघते त्याची वाट पाहत.

तेवढा वेळ ती कोणाचीच नसते. माझी असते. मग मी म्हणते, घे.